फोटो उलटून पाहताना

जुने फोटो मराठी घरात दोन ठिकाणी सापडतात, भिंतीवर आणि कपाटाच्या वरच्या फळीवर. भिंतीवरच्या फोटोला हार असतो, काचेवर गंधाचं बोट असतं, आणि सणावाराला त्याच्यासमोर नैवेद्याचं पान येतं. फळीवरचा अल्बम पाहुणे आले की खाली उतरतो, ‘अगंबाई, ही किती बारीक होती!’ असं म्हणत चार पानं उलटली जातात आणि चहा आला की तो मिटतो. एकाला आपण नमस्कार करतो, दुसऱ्याला हसतो. प्रश्न मात्र दोघांनाही विचारत नाही. या पुस्तकामागची भूमिका अशी की जुना घरगुती फोटो ही एक साक्ष आहे आणि कोणत्याही साक्षीप्रमाणे तिची उलटतपासणी व्हायला हवी. फोटो कोणी काढवून घेतला, कशासाठी, कोण कुठे बसलंय, कोण उभं आहे आणि कोण चौकटीतच नाही, हे विचारल्याखेरीज आपल्याच माणसांचे चेहरे आपल्याला अनोळखी राहतात. आजी ओळखू येते, पण त्या दिवशी ती तिथे तशी का उभी होती हे कळत नाही. फोटोची किंमत या दुसऱ्या गोष्टीत आहे, असं मला वाटतं.

हा आग्रह धरण्याचं पहिलं कारण इतिहासात आहे. १८३९ साली युरोपात जाहीर झालेली ही कला वर्षभरातच हिंदुस्थानात पोचली आणि १८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः फोटो काढत. पण सोसायटीतून ही कला वाड्यातल्या ओसरीवर यायला बराच काळ गेला. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही समजूत अनेक घरांत खोल रुजलेली होती. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत. पुढे बडोद्यात याच समजुतीची झळ त्यांच्या धंद्याला बसली, असं सांगितलं जातं. भीती ओसरली तरी खर्च होताच. स्वातंत्र्यानंतर आगफाच्या ‘क्लिक थ्री’सारखे साधे कॅमेरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल बाजारात मिळू लागला. तरी त्या रोलमध्ये चौकोनी फोटो निघत ते १२. बारशाला चार, सहलीला तीन, उरलेले दिवाळीला, असा हिशेब असे. रोल संपला की तो धुवायला टाकायचे पैसे वेगळे. म्हणजे सुमारे शंभर वर्षं मराठी घरातला प्रत्येक फोटो हा एक निर्णय होता. कोणीतरी ठरवलं, पैसे मोजले, कपडे काढून ठेवले, माणसं गोळा केली. इतकं ठरवून केलेल्या गोष्टीला ‘सहज टिपलेला क्षण’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

जवळून पाहायला स्टुडिओतल्या जोडप्याचा फोटो घेऊ. नवरा खुर्चीवर, बायको खुर्चीमागे किंवा शेजारी उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मागच्या रंगवलेल्या पडद्यावर कमान, खांब, एखादं तळं. शेजारी तिकाटण्यावर फुलदाणी. नवऱ्याचा डावा हात मांडीवर अशा बेतानं ठेवलेला की मनगटी घड्याळ समोर यावं. बायकोच्या हातात कधी कधी पुस्तक. यातलं घराचं काय आणि स्टुडिओचं काय? पडदा, फुलदाणी आणि बहुतेक वेळा ते पुस्तकही फोटोग्राफरचं. कोट मागून आणलेला असू शकतो. साडी बहुधा शालूच. हातातल्या पुस्तकावरून ती बाई शिकलेली होती असा निष्कर्ष काढणारा नातू फसेल. पण पुस्तक स्टुडिओचं म्हणून ते निरर्थक मानणारा नातूही तेवढाच फसेल, कारण बाईच्या हातात पुस्तक शोभून दिसतं असं त्या घराला त्या साली वाटू लागलं होतं, ही गोष्ट खरी आहे आणि ती त्या फोटोनंच सांगितली आहे. चेहऱ्यांचंही तसंच. ‘पूर्वीची माणसं किती गंभीर असत!’ असं आपण म्हणतो. अगदी सुरुवातीला बराच वेळ न हलता बसावं लागे हे खरं, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरड्या काचा आल्या आणि ती अडचण उरली नाही. तरी चेहरे पुढे कित्येक वर्षं तसेच राहिले, कारण चारचौघांत दात दाखवणं बरं दिसत नाही हा रिवाज होता. फोटोत दिसतो तो हा रिवाज, त्या माणसाचा स्वभाव नव्हे. घरात तो माणूस खदखदून हसत असेल.

समूहफोटोकडे वळलं की प्रश्न जास्त टोचतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६०च्या दशकात कौटुंबिक फोटोंचा अभ्यास करून म्हटलं की कुटुंब आपल्या एकोप्याचे सोहळे साजरे करतं आणि त्या सोहळ्यांवर शिक्का म्हणून फोटो काढतं. आपल्याकडच्या लग्नाच्या जुन्या फोटोंना हे तंतोतंत लागू पडतं. वाड्याच्या पायऱ्यांवर तीन रांगा: मधल्या रांगेत खुर्च्यांवर वडीलधारे, मागे उभे मुलगे आणि जावई, कडेला डोक्यावर पदर घेतलेल्या सुना, पुढे सतरंजीवर पोरंटोरं. या रचनेत घराची अख्खी उतरंड आहे. पण त्यात नसलेली माणसं अधिक बोलकी असतात. ज्या घरात एखादी आलवणातली आत्या होती, त्या घराच्या मंगलकार्याच्या फोटोत ती शोधून पाहा. बहुधा सापडणार नाही. ती त्या वेळी आत स्वयंपाकघरात राबत असेल, आणि फोटोत दिसणाऱ्या पंगतीचा स्वयंपाक तिच्याच देखरेखीखाली झालेला असेल. घरात कॅमेरा आल्यावर आणखी एक माणूस गायब होतो: कॅमेरा हातात असलेला काका. पुऱ्या अल्बमभर त्याची नजर आहे आणि तो स्वतः कुठेच नाही. फार तर एखाद्या फोटोत जमिनीवर त्याची सावली पडलेली असते. शिवाय कात्रीनं कापलेले फोटो असतात. तिघांच्या फोटोत दोघंच उरलेली, एकाच्या खांद्यावर मात्र तिसऱ्याची बोटं तशीच. असा फोटो पाहून आपण अवघडून पान उलटतो. वास्तविक थांबायला हवं ते तिथेच, कारण तो फोटो दोनदा घडला आहे, एकदा काढताना आणि एकदा कापताना.

उलटतपासणी कशाला म्हणायचं हे एका प्रसिद्ध फोटोवरून स्पष्ट होईल. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनींचा एकत्र फोटो निघाला. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाई पोशाखातल्या साबात इस्लाम्बूली. तिघी आपापल्या देशातून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये गणल्या जातात. नुसता फोटो हाती आला असता तर आपण त्याला ‘तीन परदेशी मुली’ म्हटलं असतं. पण खाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत, म्हणून तपास सुरू करता येतो. आनंदीबाई जन्मानं कल्याणच्या, पण त्यांच्या नावापुढचं गाव बंगालमधलं सेरामपूर आहे. का? कारण त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यात होते, बदल्या होत गेल्या, आणि १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या तेव्हा बिऱ्हाड सेरामपूरला होतं. एका गावाच्या नावातून नवऱ्याची नोकरी, संसाराची फिरस्ती आणि त्या प्रवासाची सुरुवात एवढं हाती लागतं. पोशाखाचंही तसंच. परदेशी जाऊन ही मुलगी धर्म सोडणार, असा बोभाटा इकडे झाला होता. अमेरिकेतल्या फोटोत ती साडी नेसून, दागिने घालून बसते तेव्हा त्यात इकडच्या लोकांना दिलेलं उत्तरही असतं. दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, एकविसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला हे ठाऊक असल्यामुळे आपण तो फोटो हळहळत पाहतो. पण हळहळीनं सेरामपूर दिसत नाही. ते विचारावं लागतं.

याहून टोकाचं उदाहरण मॉरिशसचं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारानं गेलेल्या मजुरांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतली मराठी माणसंही होती. १८६७ च्या कायद्यानं तिथल्या जुन्या मजुरांना फोटो लावलेला पास जवळ बाळगणं सक्तीचं झालं. हेतू एकच, पहारा. मजूर मळा सोडून भटकू लागला तर त्याला पकडता यावं. आपला फोटो निघावा असं त्या माणसांना वाटलं होतं की नाही, हे कोणी विचारलंही नसेल. आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांचं ते दप्तर जपलेलं आहे, आणि तिथले वंशज पणजोबांचा शोध घेत त्याच फोटोंपाशी येतात. सरकारनं कैद्यासारखा टिपलेला चेहरा चार पिढ्यांनी घरचा फोटो झाला. हे घडलं ते फोटोजवळच्या नोंदींमुळे: जहाज, वय, बापाचं नाव, गाव. फोटो कशासाठी काढला गेला यावर त्याचा अर्थ संपत नाही. पण तो कशासाठी काढला गेला हे विसरून केवळ ‘आमचे पणजोबा’ म्हणून भिंतीवर लावला, तर त्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्टच आपण पुसून टाकतो.

या भूमिकेवर पहिला आक्षेप येईल तो जिव्हाळ्याचा. आईच्या फोटोसमोर बसून कोणी वकिली करतं का? फोटो पाहून डोळे भरून आले, एवढं पुरेसं नाही का? या आक्षेपाची सर्वांत समर्थ मांडणी रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं केली आहे. फोटोग्राफीवरच्या त्याच्या १९८० सालच्या पुस्तकाचा गाभा आहे आईच्या मृत्यूनंतर हाती लागलेला तिचा पाच वर्षांची असतानाचा फोटो. पुस्तकात इतर अनेक फोटो आहेत, नेमका तोच नाही. वाचकाला तो कुठल्याही मुलीचा फोटो वाटेल, म्हणून बार्थनं तो छापला नाही. जिव्हाळा खाजगी असतो आणि तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यानं प्रत्यक्षात काय केलं तेही पाहू. त्या फोटोतली मुलगी कुठे उभी आहे, शेजारी भाऊ कसा आहे, हात कसे धरले आहेत, हे त्यानं इतक्या बारकाईनं लिहिलं की न पाहिलेला तो फोटो जगभरच्या वाचकांना परिचयाचा झाला. फोटो झाकून ठेवला आणि शब्द मागे ठेवले. आपल्या घरांत नेमकं उलट होतं: फोटो राहतो, शब्द त्या माणसाबरोबर स्मशानात जातात. प्रश्न विचारल्यानं माया आटत नाही. आटली असती तर बार्थला ते पुस्तक लिहिताच आलं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. शब्द गोळा करा म्हणता, पण माणसांची आठवण भरवशाची कुठे असते? हा आक्षेप खरा आहे, आणि तो वाटतो त्याहून गंभीर आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टीफन लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना त्यांच्या शाळेतल्या तीन घटना सांगितल्या. दोन पालकांकडून कळलेल्या, खऱ्या. एक रचलेली, वर्गशिक्षिकेच्या टेबलात खेळण्यातला चिकट लगदा ठेवल्याची. काहींना सोबत त्या वर्षीचा वर्गाचा खराखुरा फोटो दिला. फोटो मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना न घडलेली गोष्ट ‘आठवली’. फोटो न मिळालेल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे खरा फोटो खोट्या गोष्टीला टेकू देतो. अल्बम घेऊन बसलेल्या घरात हे रोज घडतं. मामा मोठ्यानं एक किस्सा सांगतात, फोटो समोर असतो, आणि पाच वर्षांत तो किस्सा सगळ्यांची आठवण होऊन बसतो. पण म्हणून विचारणंच सोडायचं का? साक्षीदार चुकतात म्हणून कोणी न्यायालयं बंद करत नाही. एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहतात. मामांना आणि मावशीला वेगवेगळं विचारावं आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावीत. बाकीचं फोटोलाच विचारता येतं. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, निगेटिव्हचा क्रमांक असतो, शाईनं लिहिलेली तिथी आणि शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९. चौकोनी प्रिंट असेल तर कॅमेरा कोणत्या जातीचा होता याचा अंदाज येतो, कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख असेल तर काळ आणखी अलीकडे सरकतो. कागद माणसापेक्षा कमी खोटं बोलतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: हे सगळं अल्बम असलेल्यांचं झालं. ज्यांच्या घरी फोटोच नाही त्यांचं काय? गावकुसाबाहेरच्या वस्त्या, ऊसतोडीला फिरणारी कुटुंबं, चाळीतल्या एका खोलीत दहा जणं राहणारी घरं, यांच्याकडे वाड्याच्या पायऱ्यांवरचा फोटो कुठून येणार? शिवाय ज्यांच्याकडे होते त्यांचेही गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्यात मुठाकाठच्या घरांतून कितीतरी ट्रंका वाहून गेल्या. ज्या सापडल्या त्यांतले फोटो एकमेकांना चिकटले होते, कारण प्रिंटवरचा जिलेटिनचा थर पाण्यानं फुगतो आणि सुकताना समोरच्या फोटोला धरून बसतो. तेव्हा घरगुती फोटोंवरून समाजाचा इतिहास लिहायचा म्हणाल तर तो बव्हंशी सुस्थितीतल्यांचाच होणार, ही मर्यादा मी मान्य करतो. मात्र फोटोची उणीव हीही एक साक्ष आहे आणि तिलाही प्रश्न विचारता येतात. अनेक घरांत भिंतीवर आजीचा जो एकमेव फोटो आहे तो नीट पाहावा. पार्श्वभूमी सपाट निळी, कुंकू रंगानं भरलेलं, आणि खांद्याच्या कडेला भलत्याच रंगाच्या कापडाचा एक तुकडा. तो चेहरा कोणाच्या तरी लग्नातल्या समूहफोटोतून उचलून मोठा केलेला आहे, आणि तो तुकडा शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या पदराचा आहे. किंवा डोळे ताठ, मान सरळ, म्हणजे मतदार ओळखपत्रासाठी काढलेला. आयुष्यभरात स्वतःसाठी म्हणून तिचा एकही फोटो निघाला नाही, हे त्या एका फोटोइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही. अल्बमवाल्यांच्या घरीही अशा आज्या आहेत.

शेवटचा आक्षेप आजचा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तारीख, वेळ, ठिकाण फोटोतच नोंदलं जातं, मग ही जुनी खटपट हवी कशाला? एक तर ती नोंद वाटते तेवढी पक्की नसते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीनं फोटो पुढे पाठवला की ती त्यातून गळून जाते, आणि घरातले बहुतेक फोटो आता याच वाटेनं फिरतात. दुसरं, यंत्र कधी आणि कुठे एवढं सांगतं; कोण आणि का हे सांगत नाही. तिसरी गोष्ट रसायनाची आहे. चांदीच्या क्षारांवर उमटलेला आजोबांचा कृष्णधवल फोटो नीट धुतलेला असेल तर शंभर वर्षं तग धरतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत प्रिंट मात्र अंधारात ठेवूनही लालसर पडत जातात, कारण त्यांतला निळसर थर आधी उडतो. म्हणजे पणजोबांचं लग्न शाबूत आणि आईवडिलांचं लग्न पुसट, अशी आजच्या घरांची स्थिती आहे. त्याहून घाईची बाब अशी की त्या पुसट फोटोतली नावं सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. फोटो स्कॅन करून रंग परत आणता येतील. ‘ही कोण?’ याचं उत्तर स्कॅनरमधून येत नाही.

म्हणून पुढच्या पानांकडे वाचकानं स्मरणरंजनासाठी वळू नये, अशी विनंती आहे. जुन्या दिवसांची गोडी या फोटोंत आहेच, ती कोणी काढून घेणार नाही. पण गोडीपाशी थांबलं की सगळी घरं सारखीच दिसू लागतात, सगळ्या आज्या प्रेमळ, सगळे आजोबा करारी, आणि सगळी एकत्र कुटुंबं सुखी. प्रश्न विचारले की एकेक माणूस निराळा होऊन समोर येतो, त्याच्या हौसेसह, कर्जासह, रुसव्यांसह. त्यातून काही न आवडणारंही हाती लागेल: कोणाला वगळलं गेलं होतं, कोणाच्या दागिन्यांवर कोणाचा फोटो निघाला, कोणाचं नाव घरात पुन्हा कोणी घेतलं नाही. ते सोसायची तयारी असेल तरच आपण पूर्वजांना माणूस म्हणून वागवतो असं म्हणता येईल. नाहीतर आपण फक्त त्यांच्या तसबिरी सांभाळत आहोत. काम साधं आहे. घरातल्या सर्वांत वडील माणसाशेजारी अल्बम घेऊन बसावं, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं किंवा वेगळ्या वहीत डावीकडून उजवीकडे नावं लिहावीत, नातं लिहावं, गाव लिहावं, फोटोत नसलेल्यांचीही नावं लिहावीत, आणि खाली आपलं नाव व तारीख घालावी, म्हणजे पुढे कोणाला आपलीही उलटतपासणी घेता येईल.